पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. पण आमच्या लॅबमध्ये सगळे त्यांना काटेकाकाच म्हणायचे. एकदा तर नव्या ओळखपत्रांवर नावं छापणाऱ्यानेही ‘काटे’ असंच छापून पाठवलं. काकांनी ते बदलून घेतलं नाही. ‘‘असू दे. रस्त्यात पडलो तर निदान ओळख पटेल,’’ म्हणाले आणि कार्ड गळ्यात अडकवून मोकळे झाले.

हे नाव पडलं टायरमधल्या हवेमुळे. हवा मोजायच्या मीटरवर जो काटा असतो, तो काकांच्या अंगातच बसवलाय असं लोक म्हणत. मोटरसायकल कुणाचीही असो, बुटाच्या चवड्याने ते चाकाला एक हलकी ठोकर मारायचे, अंगठ्याने एकदा दाबायचे आणि आकडा सांगून टाकायचे. ‘‘चोवीस. तू पंचवीस म्हणालास तर भांडणार नाही.’’ मग समोरचा हट्टाने पंपावर जायचा, मीटर लावायचा आणि मुकाट्याने परत यायचा. चालत्या गाडीवर तर त्यांना चाकाकडे बघायचीही गरज नव्हती. ‘‘गाडी हातांनी चालवतात असं तुम्हाला वाटतं,’’ ते म्हणायचे. ‘‘गाडी बुडाने आणि तळपायांनी चालवतात. हात नुसते शोभेला.’’

मी त्या लॅबमध्ये सॅम्पल घ्यायच्या खिडकीवर बसते. शहरात आमची अकरा छोटी केंद्रं आहेत. तिथे लोक रक्त देऊन जातात, आणि त्या ट्यूब बर्फाच्या पेटीतून माझ्या खिडकीपर्यंत आणायच्या हे काकांचं काम. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पाच फेऱ्या. पेटी मागच्या सीटवर दोन पट्ट्यांनी आवळलेली असायची. खिडकीशी आले की काचेवर टकटक करून म्हणायचे, ‘‘काय खिडकी, उघडलीस का?’’ मला ते नावाने कधी हाक मारत नसत. खिडकीच म्हणत. पहिले काही दिवस मला राग आला, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर एखाद्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी शेवटची पेटी उतरली की मागची सीट रिकामी व्हायची आणि काका मला बसस्टँडपर्यंत सोडायचे. चालत गेलं तर ती वाट चाळीस मिनिटांची होती. गाडीवर दहा. ही तीस मिनिटं मला रोज फुकट मिळत होती, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे.

त्या वर्षी थंडीत एका सकाळी काका पहिली फेरी घेऊन आले आणि दारातल्या पहारेकऱ्याने ओरडून सांगितलं, ‘‘काका, मागचं चाक बसलंय की!’’ आम्ही सगळे बाहेर गेलो. टायर पार रिंगला टेकला होता, कडेचं रबर चिरडून त्याचा भुगा निघत होता. किमान सात-आठ किलोमीटर ते तसेच आले असणार. आम्हाला गंमत वाटली. काटेकाकांना कळलं नाही म्हणजे काय! कुणीतरी म्हणालं, ‘‘काट्याला गंज चढला वाटतं.’’ काकाही हसले. पण हसताना ते चाकाकडे बघत होते, आमच्याकडे नाही.

चार दिवसांनी त्यांनी गाडीला एक यंत्र बसवून आणलं.

हँडलवर आगपेटीपेक्षा थोडा मोठा काळा पडदा होता आणि दोन्ही चाकांच्या हवेच्या नळीवर टोपणासारखी एकेक जाड कॅप. त्या कॅपच्या आत सेन्सर. चाकात हवा किती आहे, टायर किती तापलाय, हे तो पडद्यावर पाठवत राहतो. हवा ठरवून दिलेल्या आकड्याखाली गेली की पडदा लाल होतो आणि बीप वाजते. मोठ्या गाड्यांमध्ये हे कंपनीतूनच येतं, पण काकांची मोटरसायकल चौदा वर्षांची, त्यामुळे ते हेल्मेट आणि सीटकव्हरच्या दुकानातून वेगळं विकत घेऊन बसवावं लागलं.

आमच्याकडे हसण्याची लाट आली. काट्याने काटा घेतला! रक्त तपासणाऱ्या मुलीही खाली येऊन पडदा बघून गेल्या. काका सगळ्यांना शांतपणे समजावत. ‘‘सकाळी गाडी थंड असताना जो आकडा दिसतो तो खरा. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस. चालून टायर तापला की तीन-चारने वर चढतो. तेव्हा हवा काढायची नाही. नवशिके तिथेच फसतात, आणि दुसऱ्या दिवशी बसलेलं चाक घेऊन यंत्राला शिव्या घालतात.’’

पहिल्याच आठवड्यात पुढचं चाक रोज सकाळी दोन आकड्यांनी उतरलेलं दिसायला लागलं. पंक्चर तर नव्हतं. काकांनी साबणाचा फेस करून नळीवर लावला, तर बुडबुडे खुद्द त्या कॅपच्या बुडातून येत होते. आतली रबरी चकती नीट बसली नव्हती. ‘‘बघ खिडकी, पहारा करायला ठेवलेलाच चोरी करतोय,’’ ते म्हणाले. त्यांनी चकती बदलली, छोट्या पान्याने खालचा नट आवळला. पान्याची पकड दोनदा सुटली. मी बाजूलाच उभी होते. तिसऱ्या वेळी त्यांनी पाना डोळ्यांजवळ नेला आणि आपली बोटं त्यावर कशी बसलीत ते बघून मग नट फिरवला. तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

पण मागे बसून मला एकेक गोष्ट दिसायला लागली. काका पूर्वी कधी हँडलकडे बघत नसत. आता दर मिनिटाला त्यांची मान खाली जायची. सिग्नलला थांबले की पडदा, वळण घेतलं की पडदा. त्यातली नाण्यासारखी बॅटरी संपायच्या आधीच ते बदलायचे, खिशात कायम दोन जास्तीच्या. आणि एकदा खिडकीशी उभे असताना त्यांच्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा होता. पावसाळ्यातले सैल बूट होते. एक पायरीवरच राहिला होता. ‘‘काका, बूट!’’ मी म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं. कुणी दुसऱ्याच माणसाचा पाय दाखवावा तसं पाहिलं.

मग ती संध्याकाळ आली. सहा वाजले होते, ऊन अजून होतं. पूल उतरलो तसं मला मागचं चाक डुलल्यासारखं वाटलं. पुढच्या वळणावर तर मी सीटची कड घट्ट धरली. पण पुढे काटेकाका बसलेत म्हटल्यावर मी काय बोलणार? दीडेक किलोमीटर गेलो असू, आणि बीप वाजली. मागे एकोणीस. काकांनी गाडी कडेला घेतली, उतरून चाकापाशी बसले. अंगठ्याने दाबलं. हातमोजा काढला, पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

‘‘तू दाब.’’

मी दाबलं.

‘‘मऊ लागतंय?’’

‘‘हो काका. कितीतरी.’’

‘‘वाटेत तुला काही जाणवलं होतं?’’

‘‘मागचं डुलत होतं ना. पुलापासून. मला वाटलं तुम्हाला कळलंय.’’

ते तसेच फूटपाथच्या कडेवर बसले. बाजूने गाड्या जात होत्या. ‘‘नाही कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘मला आता काहीच कळत नाही गं. गुडघ्याखाली कुणी कापूस भरून ठेवलाय असं समज. दीड वर्ष झालं. आता बोटांची टोकंही चाललीत.’’

शुगर होती. ती त्यांनी पलीकडच्या भागातल्या दुसऱ्याच लॅबमध्ये तपासून घेतली होती. ‘‘आपल्याकडे रक्त दिलं असतं तर दुपारपर्यंत जिन्यावरच्या मांजरालाही कळलं असतं.’’ डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायांच्या नसा गेल्यात आणि आता गोळ्यांनी आहे तेवढं टिकलं तरी खूप झालं. गाडी चालवू नका, असंही सांगितलं होतं.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय? हे यंत्र हौस म्हणून लावलं का? माझे पाय गेले, म्हणून हे पाय विकत घेतले. आत्ता बघितलंस ना, वाजलं की नाही वेळेवर?’’

मी हँडलवरच्या लाल पडद्याकडे पाहिलं.

‘‘चार वर्षं राहिलीत नोकरीची. कुणाला सांगू नकोस. मॅडमना नाही, आणि घरी काकूलाही नाही.’’

‘‘नाही सांगत,’’ मी म्हणाले.

ते खरोखर बरोबरच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. यंत्र वाजलं होतं, आम्ही पडलो नव्हतो. एकदा मात्र मी मॅडमच्या दारापर्यंत गेले. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, स्वभावाने कडक पण वाईट नव्हेत. त्यांनी मान वर करून ‘‘काय गं?’’ विचारलं, आणि मी ‘‘बारकोडचा रोल संपत आलाय’’ असं सांगून परत आले. रोल चांगला अर्धा शिल्लक होता. संध्याकाळी पुन्हा काकांच्या मागे बसले. आता मीही त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायची. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीसच्या वर दिसलं की दोघांनाही बरं वाटायचं.

असे सहा महिने गेले.

तो दिवस मंगळवार होता. साडेअकराच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘‘बाजाराच्या वळणावर काटेंचा अपघात झालाय. रिकामी पेटी आणि बर्फ घेऊन जा. जी सॅम्पल वाचली असतील ती आण.’’ मी रिक्षाने गेले.

वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती. मोटरसायकल आडवी पडली होती, पेटीचं झाकण उडालं होतं आणि रस्त्यावर काचा होत्या. काका दुकानाच्या पायरीवर बसले होते, उजवा खांदा खाली झुकलेला. एक म्हातारा रस्ता ओलांडत होता, तो गाडीखाली सापडला होता. त्याला नुकतंच दवाखान्यात नेलं होतं. त्याची पिशवी तेवढी दुभाजकाला टेकवून कुणीतरी उभी ठेवली होती.

पोलीस गाडीभोवती फिरून बघत होता. त्याने चाकं दाबून पाहिली. मग वाकून हँडलवरचा पडदा पाहिला. किल्ली चालूच होती, पडदा हिरवा होता. ‘‘टायर-बियर सगळं व्यवस्थित दाखवतंय,’’ तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. ‘‘मग ब्रेक का नाही लागला?’’

मी खाली बसून ट्यूब गोळा करायला लागले. बेचाळीसपैकी सव्वीस वाचल्या. ज्यांच्या ट्यूब फुटल्या त्या सोळा जणांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचावी लागणार होती. त्यात दोन लहान मुलं होती, हे मला लेबलवरून दिसत होतं. गोळा करताना एक चांगली ट्यूब माझ्याच हातून निसटून फुटली. ती मी त्या सोळांतच धरली, वेगळी कधी लिहिली नाही.

काय झालं होतं ते मला काकांनीच नंतर सांगितलं. म्हातारा दिसला तेव्हा अंतर बऱ्यापैकी होतं. त्यांनी उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबला. दाबला असं त्यांना वाटलं. पाय ब्रेकवर नव्हताच. तो कधीतरी बाजूला सरकून नुसत्या फूटरेस्टला रेटत होता. गाडी थांबत नाही म्हणून त्यांनी हाताने पुढचा ब्रेक ओढला, तो बोटांच्या अंदाजाबाहेर ओढला गेला, आणि वाळूवर पुढचं चाक निसटलं. चाकात हवा किती आहे ते सांगणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. आपला पाय कुठे आहे, ते सांगणारं नव्हतं.

आठ दिवसांनी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. रोज त्यांच्या गाडीवर जाणारी म्हणून मलाही बोलावलं. काकांचा हात गळ्यात बांधलेला होता. बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले.

‘‘ब्रेक लागला नाही, की तुम्ही लावला नाहीत?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘मी लावला, असं मला वाटलं. पाय कुठे होता ते कळलं नाही.’’

‘‘म्हणजे?’’

मग त्यांनी सगळं सांगितलं. शुगर, नसा, डॉक्टरचा सल्ला, यंत्र. काही लपवलं नाही. मॅडमचा चेहरा उतरत गेला. एवढी वर्षं त्यांनी या माणसाच्या भरवशावर शहरभरचं रक्त सोडलं होतं.

‘‘हे आणखी कुणाला माहीत होतं?’’ असं विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काका माझ्याकडे न बघता पटकन म्हणाले, ‘‘कुणालाच नाही. घरीसुद्धा नाही.’’ आणि मी तोंड मिटलं.

त्यांचा राजीनामा त्याच दिवशी झाला. लायसन्स पुढे पोलिसांनी जप्त केलं. मोटरसायकल काकांनी विकून टाकली. म्हाताऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तो शिंपी होता, डोळे अधू झाल्यावर काम सोडलेला. मुलाकडे राहायचा. काका दर रविवारी बसने त्याच्या घरी जायचे. पहिल्या दोन रविवारी सुनेने दार उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी उघडलं, पण आत या म्हणाली नाही. चौथ्या वेळी म्हातारा आतूनच ओरडला, ‘‘अगं, येऊ दे त्याला, मलाही दिवसभर भिंतीशीच बोलायचं असतं.’’ तेव्हापासून काका त्याच्या खाटेपाशी तासभर बसून यायचे. काय बोलायचे कोण जाणे. म्हातारा पुन्हा चालला नाही.

मग काकांचं जाणंही थांबलं. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम झाली होती, बुटातल्या शिवणीने घासून. ती त्यांना कळली तोवर काळी पडली होती. आधी अंगठा काढला, मग चवडा.

मी त्यांच्याकडे आधी दर पंधरवड्याला जायची, मग महिन्याने. कामं असतात, मुलांच्या परीक्षा असतात, सबबी काही कमी नसतात. परवाच्या रविवारी दुपारी गेले होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत काका झोपले होते. बाहेरच्या खोलीत काकू जमिनीवर बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होत्या. मीही समोर बसून एक पट्टी हातात घेतली.

‘‘एक विचारू का गं?’’ काकू म्हणाल्या. आवाज हळू होता. ‘‘तुला माहीत होतं ना, यांच्या पायांचं?’’

पट्टी माझ्या हातातच राहिली. ‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘अपघाताच्या आधी सहा महिने. त्यांनी सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून. तुम्हालाही.’’

मला वाटलं होतं त्या चिडतील, रडतील. त्यांनी गुंडाळलेली पट्टी बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.

‘‘मला त्याच्याही आधीपासून माहीत होतं. एकदा अंघोळीचं पाणी काढलं, त्यात गार घालायचं राहिलं होतं. हे पाय बुडवून उभे. मला मोरीतून ओरडून सांगतायत, रस्ता कुठे खणलाय, कुठून वळसा पडतो. मी वाफ बघून धावत गेले, तर पाय लालभडक. म्हणाले, ‘कडकच हवं होतं मला.’ मीही म्हटलं, बरं.’’

‘‘तुम्ही काही बोलला नाहीत?’’

‘‘नाही. रोज सकाळी ते निघायच्या आधी बुटांत हात घालून बघायची, खडा-बिडा नाही ना. तेवढंच केलं.’’ त्यांनी पट्टीचं टोक आत खोचलं. ‘‘गाडी सुटली असती तर हा माणूस घरात बसून काय करणार होता, याची मला भीती वाटायची. त्या शिंप्याचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. असं कुणीतरी असेल, हे कुठे माहीत होतं?’’

आम्ही दोघी पट्ट्या गुंडाळत राहिलो. दोघींनी मूग गिळून बसायचं वेगवेगळं ठरवलं होतं आणि दोघींचीही कारणं चांगलीच होती.

आतून हाक आली, ‘‘कोण आलंय?’’

‘‘खिडकी आलीये,’’ काकू म्हणाल्या.

मी दारात जाऊन उभी राहिले. काका उशीवर थोडे वर सरकले होते. दाढी वाढलेली, पायावर चादर. लॅबमध्ये कसं काय चाललंय, नवा माणूस वेळेवर येतो का, असं काहीबाही विचारलं. मग म्हणाले, ‘‘त्या शिंप्याकडे कुणी जाऊन आलं का गं? मला जाता येत नाही. कसा आहे तो?’’

शिंपी महिन्यापूर्वीच गेला होता. पडून पडून छातीत पाणी झालं होतं. रक्त द्यायला आलेल्या त्याच्या मुलानेच माझ्या खिडकीवर सांगितलं होतं, आणि मी फोन करून काकूंना कळवलं होतं. काकूंनी माझ्या मागून, दाराच्या चौकटीला धरून उत्तर दिलं, ‘‘बरा आहे म्हणतात. तसाच आहे.’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुला काही कळलं?’’

‘‘नाही काका,’’ मी म्हणाले. ‘‘काकू म्हणतात तसंच असेल.’’

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी बाहेर येऊन चपला घातल्या.